टचपॅड-कीबोर्डचा ड्रायव्हर: हात कधी लावायचा आणि कसा

ड्रायव्हर म्हणजे टचपॅड, कीबोर्ड असं उपकरण विंडोजला चालवता यावं म्हणून असलेलं छोटं सॉफ्टवेअर. टचपॅड चालेनासा झाला की बरेच जण मोबाइलवर ‘ड्रायव्हर डाउनलोड’ शोधतात आणि पहिली जी साइट दिसेल तिथून काहीतरी उतरवून घेतात. हे करू नका. आधी दोष खरंच ड्रायव्हरचा आहे का ते बघा. बऱ्याचदा तो नसतोच.

फंक्शनच्या ओळीत टचपॅडचं चित्र असलेलं बटण असेल तर ते एकदा दाबून बघा, चुकून बंद झाला असू शकतो. आकड्यांचा कीपॅड आकडे उमटवत नसेल तर नम लॉक पाहा. आकड्यांऐवजी माउसचा बाणच सरकायला लागला असेल, तर डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबून ‘माउस कीज’ चालू झालेलं असतं. तीच बटणं पुन्हा दाबली की बंद होतं. बटण दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नाही, ही तक्रार ‘फिल्टर कीज’ची. उजवा शिफ्ट 8 सेकंद दाबून राहिला की विंडोज त्याबद्दल विचारतं आणि आपण न वाचता ‘येस’ करून मोकळे होतो. आणि इंग्रजी टाइप करताना मराठी किंवा भलतीच अक्षरं येत असतील तर नुसता लेआउट, म्हणजे कोणत्या बटणावर कोणतं अक्षर ती मांडणी, बदललेला असतो: विंडोज आणि स्पेस दाबा, इनस्क्रिप्टवरून (मराठीच्या मांडणीवरून) इंग्रजीवर या.

इतकं करूनही जमलं नाही, तर मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं वेगळं. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं, त्यात शटडाउन करताना सिस्टिमचा गाभा, ड्रायव्हरसकट, डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. म्हणजे बिघडलेली स्थितीही जशीच्या तशी परत येऊ शकते. ‘रीस्टार्ट’ केलं की ड्रायव्हर नव्याने लोड होतात.

शेवटची खूण बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मशीनमधल्याच मूळ प्रोग्रामची. मशीन चालू होताना एफ2 किंवा डिलीट दाबून (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) बायोसमध्ये शिरा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर नसतोच. कीबोर्ड तिथेही मुका असेल तर त्याला आतून जोडणारी पट्टी सैल झाली असेल किंवा आत चहा गेला असेल. मग दुरुस्तीवाल्याकडे जायचं. तिथे नीट चालतो आणि विंडोजमध्ये नाही, तर मात्र संशय ड्रायव्हरवर घ्यायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष काम. त्याआधी एक यूएसबी माउस जोडून ठेवा, आणि ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधून एक रिस्टोअर पॉइंट बनवा, म्हणजे काही बिघडलं तर सिस्टिम आजच्या स्थितीला परत नेता येते. मग विंडोज आणि एक्स दाबून यादीतून डिव्हाइस मॅनेजर (मशीनच्या सगळ्या उपकरणांची यादी) उघडा. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड ‘कीबोर्ड्स’खाली बहुधा ‘स्टँडर्ड पीएस/2 कीबोर्ड’ या नावाने दिसतो. टचपॅड जुना असेल तर ‘माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस’खाली सिनॅप्टिक्स किंवा एलान अशा नावाने, नवा, म्हणजे ‘प्रिसिजन’ प्रकारचा असेल तर ‘ह्युमन इंटरफेस डिव्हायसेस’खाली ‘आयटूसी एचआयडी डिव्हाइस’ म्हणून.

नावावर दोनदा क्लिक करून ‘ड्रायव्हर’ टॅबवर जा आणि तारीख व आवृत्ती लिहून ठेवा. कीबोर्डच्या ड्रायव्हरची तारीख 21 जून 2006 दिसली तर दचकू नका. मायक्रोसॉफ्ट आपल्या विंडोजसोबत येणाऱ्या ड्रायव्हरना मुद्दाम हीच तारीख देतं, म्हणजे कंपनीचा खास ड्रायव्हर आला की तारखेच्या तुलनेत तो वरचढ ठरतो. ‘तुमचा ड्रायव्हर इतका जुना आहे’ असं म्हणून पैसे मागणारी सॉफ्टवेअरं अशाच तारखा दाखवून घाबरवतात.

अपडेटनंतर बिघडलं असेल तर त्याच टॅबवरचं ‘रोल बॅक ड्रायव्हर’, म्हणजे आधीच्या ड्रायव्हरवर परत जाणं, हे पहिलं औषध. ते बटण फिकट दिसत असेल तर ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, मग ‘लेट मी पिक’ असं जा. मशीनवर आधीपासून असलेल्या, त्या उपकरणाला चालणाऱ्या ड्रायव्हरची यादी येते, आवृत्तीच्या आकड्यांसह. त्यातला जुना निवडा. ही वाट फारशी कुणी वापरत नाही, पण माझ्या मते सगळ्यात कामाची हीच.

त्यानेही भागलं नाही तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ आणि लगेच रीस्टार्ट. तिथे ड्रायव्हरही काढून टाकण्याची एक चौकट असते. ती रिकामी ठेवली तर रीस्टार्टनंतर बहुधा तोच ड्रायव्हर परत बसतो. खूण केली तर तो मशीनवरून जातो. कीबोर्डचं असं करताना रीस्टार्टपर्यंत टाइप करता येईलच असं नाही. पासवर्डच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हात ऑन-स्क्रीन कीबोर्ड असतो, तो माउसने वापरा.

टचपॅड यादीत दिसतच नसेल तर त्याच्या ड्रायव्हरमागे लागू नका. प्रिसिजन टचपॅड आयटूसी या जोडणीवर चालतो आणि ती सांभाळणारा ड्रायव्हर वेगळा असतो. इंटेलच्या मशीनवर त्याला ‘सीरियल आयओ’ म्हणतात. विंडोज नव्याने टाकल्यावर तो राहून गेला की टचपॅड गायब. आधी चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा ड्रायव्हर) आणि सीरियल आयओ, मग टचपॅड, हा क्रम पाळा.

हे ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. मॉडेलचं नाव स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधलं की मिळतं. सगळं चालू आहे तेव्हाच ते उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. विंडोज अपडेटमधल्या ‘ऑप्शनल अपडेट्स’खाली ड्रायव्हर दिसले म्हणून खुणा करत सुटू नका. तक्रार नसेल तर ते तसेच राहू द्या, कंपनीने सुरक्षेची दुरुस्ती म्हणून काढलेला सोडून.

ती दुरुस्ती मात्र टाळू नये, कारण कीबोर्डच्या ड्रायव्हरच्या हातून आपलं प्रत्येक बटण जातं, पासवर्डसकट. डिसेंबर 2017 मध्ये एचपीच्या अनेक लॅपटॉपवरच्या सिनॅप्टिक्स टचपॅडच्या ड्रायव्हरमध्ये दाबलेली बटणं नोंदवू शकणारा कोड असल्याचं उघड झालं. तो कोड चाचणीसाठीचा होता, मुळात बंदही होता, पण प्रशासकाचे अधिकार मिळवलेल्या कुणालाही तो चालू करता आला असता. एचपीने 460 हून अधिक मॉडेलसाठी दुरुस्ती काढली. नामांकित कंपनीच्या ड्रायव्हरची ही कथा, तर कुठल्याशा साइटवरच्या ‘फ्री ड्रायव्हर पॅक’ची काय सांगावी!

यूएसबीने जोडलेला आकड्यांचा कीपॅड (दुकानात बिलिंगला लावतात तो) बहुधा वेगळा ड्रायव्हर मागत नाही. तो मधूनच झोपत असेल तर आधी पोर्ट बदला. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवरची, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा.

विंडोजऐवजी उबुंटूसारखं लिनक्स असेल तर हे ड्रायव्हर कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यातच) असतात, वेगळे उतरवावे लागत नाहीत. कर्नलच्या अपडेटनंतर टचपॅड गेला तर मशीन चालू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रबच्या (लिनक्स चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा आणि आधीचं कर्नल निवडा. तिथे टचपॅड चालला तर पुढचं कर्नल येईपर्यंत त्यावरच राहा.