पावसाळ्याआधी शेतातल्या वायरलेस यंत्रणेची वीज तपासून घ्या

विहिरीवरचा कॅमेरा, ओलाव्याचे सेन्सर आणि त्यांना जोडणारा राउटर उन्हाळाभर सौर पॅनेलवर बिनबोभाट चालतो. आभाळ भरून आलं की पहिले दोन दिवस काही जाणवत नाही, तिसऱ्या पहाटे नेटवर्क गुल. राउटरला दोष देऊ नका. बॅटरीचा हिशेबच कडक उन्हावर बांधलेला असतो.

हिशेब पावसाचा धरा. सगळी उपकरणं मिळून 6 वॅट ओढत असतील तर 24 तासांत 144 वॅट-तास, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून 12 अँपिअर-तास. तीन ढगाळ दिवसांचे झाले 36. लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरली की लवकर मरते, म्हणून ती 75 अँपिअर-तासांची हवी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर 50ची पुरते. नुसती बॅटरी मोठी करून भागत नाही. दाट ढगांत पॅनेल छापील वॅटांच्या जेमतेम दहावा-पाचवा हिस्सा देतं, मग रिकामी बॅटरी भरणार कशानं? एवढ्या भारासाठी मी तरी 100 वॅटच्या खाली जाणार नाही. आणि पॅनेलवर येणारी फांदी आत्ताच छाटा.

इन्व्हर्टर मध्ये घालू नका. मी घातला होता, घरात पडून होता म्हणून! 12चे 230 करायचे, अडॅप्टरनं पुन्हा 12 करायचे, आणि तो नुसता चालू राहायलाच राउटरएवढी वीज खायचा. बॅटरीची 12 व्होल्टची डीसी वीजच थेट द्या. मात्र चार्ज होताना बॅटरी 14.4 व्होल्टपर्यंत चढते. राउटरला ते सोसत नसेल तर व्होल्टेज 12वर धरून ठेवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा. नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारं उपकरण असेल तर 24 व्होल्टचं की 48चं, ते लेबलवर वाचा. इथली चूक उपकरण जाळते.

पेटीत केबल खालूनच घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथंच ठिबकून जातं. उरलेली भोकं बुजवा, मुंग्या तिथूनच येतात. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज हवाच.

आता खरी परीक्षा. बॅटरी पूर्ण भरू द्या, पॅनेलवर गोणपाट टाका आणि रोज सकाळी मल्टिमीटर लावा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी तीन दिवसांच्या आत 12.1 व्होल्टखाली आली, तर गोणपाट काढा आणि पाऊस लागायच्या आत ती बदला.