आर्क्टिकला निघण्याआधी चाळकेवाडीला जा

तयारी बॅगेपासून सुरू होत नाही, नावापासून होते. ‘आर्क्टिकमधले नामशेष होत चाललेले समुद्रपक्षी’ एवढंच संशोधनाच्या प्रस्तावात लिहिलंत, तर वाचणारा दुसऱ्या पानावर जाणार नाही. पक्षी कोणता, ते ठरवा. किटिवेक हा कुरव (सीगल) धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत २०१७ पासून ‘असुरक्षित’ गटात आहे. आयव्हरी गल हा पांढराशुभ्र कुरव कागदोपत्री त्याहून बरा, ‘संकटसमीप’. पण कॅनडात १९८० च्या दशकानंतरच्या वीसेक वर्षांत त्याची संख्या ८० टक्क्यांनी घटली. म्हणजे नुसता गट बघून भागत नाही, कुठली वसाहत तेही बघावं लागतं. मी किटिवेक धरला. तो स्वतःचंच नाव ओरडतो. आपल्याकडे पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, तसंच.

कागदपत्रं थोडक्यात सांगते. भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या बेटांवर, न्यू-ऑलेसुंड वस्तीत आहे, २००८ पासून. प्रस्ताव गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे जातो. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही म्हणून हुरळून जाऊ नका. वाट नॉर्वेवरून आहे, परतताना पुन्हा तिथेच उतरायचं, त्यामुळे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच चालतो तो) दोनदा प्रवेशाचा हवा. पक्ष्याला हात लावायचा, पायात ओळखीची कडी घालायची, तर परवानग्या वेगळ्या. आणि तिथल्या पक्षी-अभयारण्यांत १५ मे ते १५ ऑगस्ट पाऊल टाकता येत नाही, म्हणजे नेमकं विणीच्या दिवसांत. वेळापत्रक त्यावर बेता.

आता खरी तयारी, आणि ती साताऱ्यातच होते. दुर्बीण नि टेलिस्कोप घेऊन जुलैत चाळकेवाडीच्या पठारावर जा. पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या तिथे. वाऱ्याने तिकाटणं (ट्रायपॉड) थरथरतं, भिंगावर धुकं बसतं, डोळ्यातून पाणी येतं. तिकाटण्याच्या मधल्या हुकाला दगड भरलेली पिशवी लटकवायची, हे मी तिथेच शिकले. हातमोजे घालून फोकस फिरवता आला पाहिजे, आणि हातमोजे घालूनच लिहिता आलं पाहिजे. पेन नको. ओल्या कागदावर पेन्सिलच चालते. ती दोरीने वहीला बांधा, कारण पडली की दरीत. सुती बनियन घरी ठेवा, ओला झाला की अंगातली ऊब ओढून घेतो. लोकरीचे दोन पातळ थर एका जाड स्वेटरपेक्षा बरे.

मग मोजणी. किटिवेकची मोजायची ती घरटी, ज्यावर पक्षी बसलाय ती. त्याच कड्यावरचा ब्रुनिक गिलेमॉट हा दुसरा समुद्रपक्षी घरटंच करत नाही, उघड्या खडकावर एकच अंडं घालतो, म्हणून त्याची डोकी मोजायची. एका कड्यावर दोन हिशेब. सरावाला संगम माहुलीला संध्याकाळी परतणारे बगळे पुरतात. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडा एकमेकांना सांगायचा नाही. पहिल्या संध्याकाळी माझे ११२ आणि मैत्रिणीचे ८७. फोटो मोठा करून पाहिला, तर तिचं बरोबर. उडून दुसऱ्या फांदीवर बसलेले मी परत धरले होते. इथे पंचवीसची चूक केली तर हसण्यावारी जाते. तिथे तोच आकडा ‘वसाहत वाढली’ म्हणून नोंदला जातो.

फोनची सवय आधीच मोडा. न्यू-ऑलेसुंडला दूरच्या अवकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी टिपणारे अँटेना आहेत, म्हणून वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद. नकाशे, पक्ष्यांचे आवाज आधीच उतरवून घ्या. कॅमेऱ्यातले फोटो काढायला वायर न्या. मी आठ दिवस घरात ब्लूटूथ बंद ठेवून पाहिलं, तेव्हा कळलं की माझा अर्धा सेटअप त्यावरच चालतो.

एक काठीही लागते. वस्तीतच आर्क्टिक सुरय (टर्न) हे पक्षी घरटी करतात आणि जवळून गेलं की डोक्यात चोच मारतात. हे पक्षी सगळ्यात उंच वस्तूवर झडप घालतात, म्हणून काठी डोक्यावर उभी धरून चालायचं. वस्तीबाहेर तर ध्रुवीय अस्वलामुळे बंदूकवाला सोबती हवाच. आणि मेलेला पक्षी दिसला की उचलायची खाज आवरा. बर्ड फ्लू तिथवर पोचलाय. आधी कळवायचं, बूट घासून धुवायचे.

राहिलं खाणं. आईने कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स भरून ठेवले होते. दुधाचे नि मांसाचे पदार्थ बाहेरून नॉर्वेत नेता येत नाहीत, हे सांगितल्यावर ती म्हणाली, “पेढ्यानं त्यांच्या देशाचं काय वाकडं होणारे?” शेवटी सांगलीहून मावशीने पाठवलेलं भडंग गेलं. लसणाच्या वासाने खोलीतले तिघेही पहिल्याच रात्री माझ्या बिछान्याशी गोळा झाले. दोन पाकिटं जास्त घ्या.