शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' नाटकातले इंग्रजी शब्द पाठ करायचे तर

अ ते ज्ञ अशी शब्दयादी करून घोकू नका. प्रवेशानुसार टिपा: शब्द कोण बोलतं, कुठल्या क्षणी बोलतं, आणि आजूबाजूची ओळ.

कारण अर्थ पुष्कळदा नाटकातच दडलेला असतो. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात राजा डंकनचा खून करून आलेला मॅक्बेथ आपले हात पाहतो आणि 'मल्टिट्यूडिनस' (अगणित) आणि 'इन्कार्नडाइन' (लाल करणं) असे दोन जाडजूड शब्द वापरतो. लगेच पुढच्या ओळीत साध्या शब्दांत सांगतो, हिरवा समुद्र लाल होईल. म्हणजे शेक्सपिअरने अर्थ तिथेच देऊन ठेवलाय! ती ओळ मोठ्याने म्हणा, दोन्ही शब्द सहज लक्षात राहतात. पुढच्याच प्रवेशात द्वारपाल स्वतःला नरकाचा पहारेकरी समजून बडबडतो. दुटप्पी बोलणाऱ्यासाठीचा 'इक्विव्होकेटर' त्याच्याच तोंडी आहे.

ओळखीचे शब्द मात्र जास्त फसवतात. 'ॲडिशन' इथे बेरीज नाही, किताब आहे. 'सिक्युरिटी' म्हणजे गाफीलपणा. अशांसाठी वहीत वेगळं पान ठेवा. 'थेन' (स्कॉटलंडमधला सरदार) यासारखे फक्त त्या काळातले शब्द समजले की पुरे, ते निबंधात कुणी वापरत नाही.

कथानकच डोक्यात बसत नसेल तर आधी शिरवाडकरांचं 'राजमुकुट' वाचा. ते याच नाटकावर बेतलेलं आहे. मूळ इंग्रजी प्रत घेताना तळटिपा त्याच पानावर असलेली घ्या, शेवटी शब्दार्थ दिलेली नको. सारखी पानं उलटताना प्रवेशाचा धागा सुटतो.