बोलून शोधताना या चुका टाळा

आमच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी मी ज्येष्ठ नागरिकांना मोबाइल वापरायला शिकवतो. गूगलच्या व्हॉइस सर्चमध्ये २०१७ साली मराठीची भर पडली आणि ज्यांना त्या इवल्याशा कळफलकावर टाइप करणे जमत नाही त्यांची मोठी सोय झाली. तेव्हापासून मी त्याच त्या चुका पाहत आलो आहे आणि प्रत्येक चुकीचे खापर फोनवर फुटतानाही पाहत आलो आहे.

पहिली चूक म्हणजे फोनशी शेजाऱ्याशी बोलावे तसे अर्धवट बोलणे. शेजाऱ्याला आपले सोयरेधायरे माहीत असतात, फोनला नसतात. आमच्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक भाचीच्या लग्नाला साताऱ्याहून निघाले. गाडीत बसताच त्यांनी ‘वडगावला जायचा रस्ता दाखव’ असे फोनला सांगितले, पडद्यावर काय आले ते न पाहता फोन खिशात ठेवला आणि नुसत्या आवाजाच्या भरवशावर गाडी हाकली. लग्न होते जुन्या पुणे-मुंबई महामार्गावरच्या वडगाव मावळात आणि सर जाऊन उभे राहिले पुण्याच्या पूर्वेकडच्या वडगाव शेरीत. मला फोन आला तेव्हा ते चांगलेच तापले होते. मी विचारले, “सर, कुठलं वडगाव सांगितलंत?” त्यावर म्हणाले, “कुठलं म्हणजे? वडगाव!” अक्षता चुकल्या, शेवटची पंगत तेवढी मिळाली. १७७९ सालचा वडगावचा तह त्यांनी तीस वर्षे वर्गात शिकवला होता, आणि तो तह झाला ते गाव हेच मावळातले वडगाव.

सिंहगड रस्त्याला वडगाव बुद्रुक आहे ते वेगळेच. म्हणून गावाचे नाव घेतले की तालुका आणि जिल्हा जोडायचाच, अशी मी स्वतःला सवय लावून घेतली आहे. बोलून झाल्यावर वरच्या चौकटीत जी ओळ उमटते ती मी ओठ हलवून वाचतो, कारण फोन आधी आपले बोलणे अक्षरांत उतरवतो आणि मग त्या अक्षरांचा शोध घेतो. अक्षरेच चुकली तर पुढचे उत्तर कितीही ऐटीत वाचून दाखवले तरी ते आपल्या प्रश्नाचे नसते. यात दोन सेकंद जातात, पण शिकाऊ मंडळींना नेमकी तेवढ्याचीच घाई असते.

कांद्याचा भाव विचारतानाही हेच घडते. नुसते ‘कांद्याचा भाव’ म्हटले तर उत्तर कुठल्या बाजाराचे आणि कोणत्या दिवसाचे, याचा पत्ता नसतो. ‘लासलगाव बाजार समितीतील आजचा उन्हाळ कांद्याचा भाव’ असे विचारावे, उत्तराखालची तारीख पाहावी आणि तो भाव क्विंटलचा असतो हे विसरू नये.

ज्या चुकीने माझी झोप उडते ती मात्र दुसरीच आहे: बँकेचा किंवा गॅसचा मदत क्रमांक बोलून शोधणे आणि समोर आलेल्या पहिल्या क्रमांकावर बोट ठेवणे. भामटे स्वतःचे क्रमांक बँकेच्या नावाने इंटरनेटवर पेरून ठेवतात आणि फोनला त्यातला खरा-खोटा ओळखता येईलच असे नाही. आमच्या एका काकूंनी अडकलेल्या पेन्शनसाठी असाच फोन लावला. पलीकडचा माणूस इतक्या अदबीने बोलला की त्याने सांगितलेले ॲप त्यांनी मुकाट्याने फोनमध्ये घेतले, आणि त्यानंतर त्यांचा पडदा त्यालाही दिसू लागला. नातू वेळेवर घरी आला म्हणून खाते वाचले. मदत क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. तो बोलून शोधूच नये, या बाबतीत मी हट्टी आहे. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी.

प्रश्नातच उत्तर घालून विचारू नये. ‘मधुमेहात गूळ चालतो ना?’ असे विचारले की चालतो म्हणणारेच लेख पुढे येण्याची शक्यता वाढते. ‘गुळाने रक्तातील साखर किती वाढते’ असे विचारावे आणि औषधाची मात्रा तर डॉक्टरांनाच विचारावी.

फोनची भाषा इंग्रजी किंवा हिंदी ठेवून मराठी बोलू नये. गूगलच्या सेटिंग्जमध्ये व्हॉइस या भागात जाऊन मराठी निवडावी. हे काम एकदाच करायचे असते आणि तरीही दर शनिवारी मला कोणाच्या तरी फोनमध्ये ते करावे लागते.

‘एकोणऐंशी’ आणि ‘एकोणनव्वद’ यांत माणसेही गडबडतात, तेव्हा आकडे सुटे सुटे बोलावेत.

बोलता बोलता ‘अं… थांब हं’ म्हणून विचार करत बसू नये. आपण थांबलो की माइक बंद होतो आणि फोन ‘थांब हं’ याचाच शोध घेऊ लागतो.