टकिला घेताना बाटली फिरवून लेबल वाचा

पाहुणे येणार म्हणून घाईघाईत सोनेरी टकिला उचलली की बऱ्याचदा घसा जाळणारं मिश्रणच पदरात पडतं. रंगावर जाऊ नका. ‘गोल्ड’ बाटल्यांत तो बहुधा कॅरॅमलचा असतो.

१. लेबलवर ‘१०० टक्के अगावे’ हे शब्द शोधा; अगावे म्हणजे टकिला जिच्यापासून बनते ती मेक्सिकोतली वनस्पती. नुसतं ‘टकिला’ लिहिलं असेल, तर आंबवलेल्या साखरेपैकी ४९ टक्क्यांपर्यंत उसाची वगैरे असू शकते. ती बाटली परत ठेवा.
२. ‘एनओएम’पुढे चार आकडे हवेत. तो मेक्सिकोतल्या उत्पादकाचा क्रमांक.
३. लिंबू-सोड्यात द्यायची तर ब्लांको, म्हणजे सहसा न मुरवलेली. नुसती चाखायची तर रेपोसादो, किमान २ महिने ओकच्या पिंपात मुरलेली. अन्येहो त्याहून जास्त मुरलेली आणि महाग, ती कॉकटेलमध्ये ओतणं म्हणजे पैसे पाण्यात.

७५० मिलीत ३० मिलीचे २५ पेग होतात, म्हणजे आठ-दहा जणांना एक बाटली पुरे. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, वास मरतो (हलक्या बाटलीचे दोष त्यातच झाकले जातात!).

पुण्यात खरेदीला जाताना वयाचा पुरावा जवळ ठेवा: महाराष्ट्रात कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण हवीत, शिवाय परवानाही लागतो. एक दिवसाचा परवाना वाईन शॉपमध्येच मिळतो.