यंत्रमागाच्या धंद्यात नवीन आहात? माग नंतर, आधी बीम शिका

कारखान्यात नवीन आलेली पोरं थेट मागापाशी जाऊन उभी राहतात. धोटा पळतो, खडखडाट होतो, काम शिकतोय असं वाटतं. पण मागावर जे बिघडतं त्यातलं बरंचसं सायझिंगमध्येच, म्हणजे ताण्याच्या (उभ्या) धाग्यांना खळ लावून ते बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळतानाच ठरलेलं असतं. म्हणून पहिला महिना तिकडे काढा.

चाळिसाच्या, म्हणजे ४० काउंटच्या (काउंट हे सुताच्या बारीकपणाचं माप), सुती ताण्याला साध्या मागासाठी वजनाच्या साधारण १० ते १२ टक्के खळ चढवतात, ओलावा ८-९ टक्के ठेवतात. वाळवणीचे सिलिंडर जास्त तापले की सूत कडक होतं आणि खळ झडते. मागाखाली पांढरी पूड साचलेली दिसली, तर जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) हाक मारण्याआधी बीम बघा. उलट सूत ओलं राहिलं तर धागे एकमेकांना चिकटतात, बीम पडून राहिला तर बुरशीही धरते. शेडमध्ये हवेतली आर्द्रता ७५-८० टक्के लागते. एप्रिलच्या दुपारी ती घसरते आणि तुटी वाढतात. तेव्हा कामगाराला बोलून उपयोग नाही.

हिशेब स्वतःच्या हाताने करा. ४० काउंटचं सूत एका ग्रॅमला सुमारे ६७.७ मीटर भरतं. ५० इंची पन्ना (कापडाची रुंदी), इंचाला ९२ ताणे, म्हणजे ४,६०० धागे. विणताना धागा वळतो, त्यासाठी ६ टक्के जास्त धरले की मीटरमागे ताणा ७२ ग्रॅम. फणीत (ताण्याचे धागे जिच्या दातांतून जातात तिच्यात) पन्ना ५३ इंच, पिक (इंचातले आडवे धागे) ८८ असेल तर त्याच सुताचा बाणा (आडवा धागा) ६९ ग्रॅम. वेस्टेज वेगळं. मिनिटाला १५० पिकांच्या गतीने, ७५ टक्के कार्यक्षमतेवर, १२ तासांत एका मागावर २३ मीटरच्या आसपास कापड निघतं. कोणी ३५ मीटर सांगितलं तर पिक मोजा.

वहिफणीत (धागे ओवण्याच्या कामात) फणीच्या एका घरात दोनाऐवजी तीन धागे गेले, तर ती रेघ बीम संपेपर्यंत कापडात राहते. नवा बीम चढल्यावर पहिला अर्धा मीटर उजेडाला धरून बघाच. साध्या मागाला ताणा तुटल्यावर थांबवणारी यंत्रणा बहुधा नसते. तुटलेला धागा शेजारच्यांत गुंतून जाळी पडते. गाठीची शेपटं लांब सोडली तरी तेच, ती फणीत अडकून शेजारचा धागा तोडतात. बाणा तुटल्यावर कापड दाताच्या चाकाने मागे न घेता माग सुरू केला, तर पातळ पट्टा दिसतो.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला. आज तिथेच रेपिअर आणि एअरजेट हे बिनधोट्याचे मागही चालतात. वेग कित्येक पट, म्हणून खराब बीमचं नुकसानही तितकंच. नोकरी शोधताना एअरजेट बघाच, पण सायझिंग येणाऱ्याला तिथे जास्त भाव असतो. मजुरी पिकावर ठरते, तेव्हा पिकग्लास (धागे मोजायचं भिंग) खिशात असू द्या.