मॅक्रोचा एलईडी लाइट दगा देतोय? आधी हे तपासा

पावसाळ्यात नागपूरच्या मॅक्रोवाल्यांना, म्हणजे बारीक जीव अगदी जवळून टिपणाऱ्या फोटोग्राफरांना, अंगणातलं संत्र्या-लिंबाचं एक झाडही पुरतं. लाइम बटरफ्लायची कोवळी अळी पानावर बसलेली सापडते. हुबेहूब पक्ष्याची विष्ठा वाटावी अशी! आणि नेमका तेव्हाच लाइट मंदावतो, लुकलुकतो, नाहीतर फोटोवर काळपट पट्टे उमटतात. नवा लाइट घ्यायला सीताबर्डीचा बाजार गाठण्याआधी खालची तपासणी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळणारच नाही.

१. लाइट खरंच मंद आहे का? १:१ मॅक्रोला (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची उमटते तेव्हा) लेन्सचं एफ/८ हे छिद्र साधारण एफ/१६ इतकाच प्रकाश देतं, म्हणजे चौथा हिस्सा. बऱ्याचदा लाइट बिचारा ठीकच असतो. मॅन्युअल मोडवर पांढऱ्या कागदाचा फोटो काढा, दहा मिनिटांनी त्याच सेटिंगवर पुन्हा काढा. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख) तोच आला, तर लाइटला दोष देऊ नका.

२. बॅटरी. ७.२ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर मल्टिमीटरवर ८.४ दाखवते. पण तेवढ्यावर विसंबू नका, थकलेल्या बॅटरीवर लोड पडला, म्हणजे लाइट पेटला, की तिचं व्होल्टेज खाली येतं. दुसरी चांगली बॅटरी लावून बघणं हीच खरी परीक्षा. फुगलेली बॅटरी मात्र पुन्हा चार्जिंगला लावू नका. लाइट पॉवर बँकेवर असेल आणि कमी ब्राइटनेसवर आपोआप विझत असेल, तर बहुधा पॉवर बँकच करंट कमी पाहून बंद होते. ब्राइटनेस वाढवून बघा.

३. बॅटरीच्या संपर्काच्या धातूच्या पट्ट्या. दमट हवेत यांच्यावर हिरवट थर चढतो. बॅटरी काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवा, पूर्ण सुकू द्या.

४. पट्टे. इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात. आधी खोलीतले दिवे बंद करा. आपली घरगुती वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० शटरवर पट्टे गेले, तर कारण तेच. लाइट अडॅप्टरवर असेल तर बॅटरीवर लावून बघा. तेव्हा पट्टे गेले तर दोष अडॅप्टरचा. ब्राइटनेस कमी केल्यावरच पट्टे येत असतील, तर डिमर एलईडी भराभर चालू-बंद करून प्रकाश कमी करतोय. मग लाइट १०० टक्क्यांवर ठेवा, थोडा लांब न्या किंवा पुढे बटर पेपर लावा. बटर पेपरने अळीच्या ओलसर अंगावरची टोचणारी चमकही मऊ होते, म्हणून मी तो एरवीही लावायला सांगेन. इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर मेकॅनिकलवर या.

५. उष्णता. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना काही लाइट स्वतःला वाचवायला प्रकाश कमी करतात. सावलीत बंद करून ठेवा, मागच्या जाळ्या मोकळ्या ठेवा. फ्रिजमध्ये अजिबात नको, आत दव धरतं.

६. एलईडीची एखादी ओळच विझली असेल, तर ती ओळ सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडलेली असते आणि एक सांधा सुटला तरी सगळी बंद पडते. हे काम सोल्डरिंग येणाऱ्याचं. विजेवर चालणारं अडॅप्टर घरी उघडू नका. दुरुस्तीला देताना वरच्यापैकी काय काय बदलून पाहिलं आणि दोष कोणत्या ब्राइटनेसवर दिसतो, ते चिठ्ठीवर लिहून द्या.